न्हाणीघराचा आराखडा

नव्या घराचे बांधकाम सुरू झाले, की न्हाणीघराविषयी घरात जी चर्चा होते ती बहुधा टाइल्सचा रंग, नळांची चकाकी आणि आरसा केवढा हवा एवढ्यापुरतीच असते. मुख्य झोपण्याच्या खोलीला जोडून जी बाथरूम असते, तिच्यावर तर हौसेने खर्च केला जातो. पण टाइल्सचा रंग दहा वर्षांनी बदलता येतो. कमोड कोणत्या भिंतीला, मोरीचा उतार कोणत्या दिशेला, खिडकी कोठे, पाणी तापवण्याचे साधन कोठे, या गोष्टी मात्र एकदा कोबा पडला आणि भिंतीत नळ गाडले गेले, की सहसा बदलत नाहीत. त्या कागदावरच ठरवाव्या लागतात. आणि त्या ठरवण्यासाठी जे विज्ञान लागते ते बहुतेक सगळे शालेय पुस्तकातले आहे: द्रवाचा दाब, बाष्पीभवन, विशिष्ट उष्णता, ज्वलन आणि विद्युत रोध.

न्हाणीघर ही घरातली सर्वांत लहान खोली. पण पाणी, हवा, उष्णता आणि वीज या चौघांचे मार्ग येथे एकमेकांना अगदी जवळून छेदतात. शिवाय या खोलीत माणूस ओला, अनवाणी आणि एकटा असतो, आणि दाराला आतून कडी असते. त्यामुळे जो दोष दुसऱ्या खोलीत नुसती गैरसोय ठरला असता, तोच येथे जिवावर बेतू शकतो. म्हणून आराखडा करताना आधी या चार मार्गांचा विचार करायचा आणि शोभेचा विचार त्यानंतर, असा क्रम ठेवला पाहिजे. तो का, हे आपण एका उदाहरणाच्या आधाराने पाहू या.

पाच फूट बाय आठ फूट

आपल्याकडील फ्लॅटमध्ये किंवा लहान बंगल्यात नेहमी आढळणारे माप घेऊ. रुंदी पाच फूट, लांबी आठ फूट, उंची नऊ फूट. म्हणजे अंदाजे १.५ मीटर, २.४ मीटर आणि २.७ मीटर. क्षेत्रफळ ३.६ चौरस मीटर आणि घनफळ सुमारे १० घनमीटर. राष्ट्रीय बांधकाम संहितेत न्हाणीघर आणि संडास एकत्र असल्यास किमान क्षेत्रफळ २.८ चौरस मीटर सांगितले आहे. म्हणजे आपले उदाहरण किमान मापाहून थोडे ऐसपैस आहे. यातला १० घनमीटर हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचे मोठे काम आहे.

समजा, दार एका आखूड भिंतीत आहे आणि समोरची आखूड भिंत बाहेरची आहे. खिडकी त्या बाहेरच्या भिंतीत येईल आणि सांडपाण्याचे उभे नळही त्याच बाजूला असतील. आता दारापासून आत जाताना बेसिन, मग कमोड आणि सर्वांत शेवटी अंघोळीची जागा असा क्रम ठेवला, तर बेसिनला ७० सेंटिमीटर, कमोडला ८० आणि अंघोळीला ९० सेंटिमीटर जागा मिळून २.४ मीटरचा हिशेब बरोबर जुळतो. या क्रमाला कारण आहे. सर्वांत जास्त पाणी जेथे सांडते ती जागा दारापासून सर्वांत दूर राहते, त्यामुळे बेसिनपाशी हात धुवायला जाणाऱ्याचे पाय ओले होत नाहीत. अंघोळीची वाफ थेट खिडकीपाशीच तयार होते. आणि ज्या दोन गोष्टींना सांडपाण्याचा मोठा नळ जवळ हवा, त्या बाहेरच्या भिंतीच्या बाजूला येतात.

पाण्याची वाट

सांडपाणी नळातून वाहते ते केवळ गुरुत्वाकर्षणाने. त्याला ढकलणारा पंप नसतो. म्हणून उतार ही पहिली अट. अंघोळीच्या जागेत ६० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर, म्हणजे मीटरला साधारण पावणेदोन सेंटिमीटर एवढा उतार पुरतो. आपल्या ९० सेंटिमीटरच्या जागेत हा उतार जेमतेम दीड सेंटिमीटर भरतो. डोळ्यांना तो कळतही नाही. त्यामुळेच तो गवंड्याच्या अंदाजावर न सोडता पाणसळीने तपासून घ्यावा, आणि टाइल बसवल्यावर बादलीभर पाणी ओतून डबके राहते का हे पाहावे.

कमोडची जागाही उतारच ठरवतो. कमोडचा नळ सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्याला ५० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार द्यायचा आणि उभा नळ तीन मीटर दूर आहे असे मानले, तर उतारात ६ सेंटिमीटर आणि नळाच्या जाडीत ११, अशी १७ सेंटिमीटर खोली फरशीखालीच खर्च होते. वळणाचा तुकडा आणि कोबा वेगळाच. फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब जेवढा खाली घेतलेला असतो त्यातच हे सारे बसवायचे असते. म्हणून 'कमोड या भिंतीला नको, त्या भिंतीला हवे' असे सांगण्यापूर्वी उभा नळ कोठे आहे ते विचारावे. एरवी उतार कमी करून वेळ मारून नेली जाते आणि तुंबणाऱ्या नळाचा त्रास कायमचा मागे लागतो.

उताराने पाणी गेले. पण त्याच वाटेने गटारातली हवा आत येऊ नये याची व्यवस्था काय? १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळे बनवणाऱ्या कारागिराने फ्लश होणाऱ्या संडासाचे पेटंट घेतले. त्यातली मोलाची गोष्ट म्हणजे भांड्याखाली इंग्रजी एस अक्षरासारखा वळवलेला नळ. त्या वळणात थोडे पाणी नेहमी अडून राहते आणि ते बुचाचे काम करते. आजही कमोड, बेसिन आणि मोरी या प्रत्येकाखाली याच तत्त्वाचा ट्रॅप असतो. मोरीच्या ट्रॅपला तर आपल्या देशातल्या अभियांत्रिकीच्या इंग्रजी पुस्तकांतही 'नहाणी ट्रॅप' असेच म्हणतात. आपली न्हाणी तेथे परिभाषा होऊन बसली आहे.

या बुचाची उंची साधारण ५० मिलिमीटर असते. हवेचा दाब सुमारे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो हे आपण शिकवतो. त्या मानाने ५० मिलिमीटर म्हणजे दोनशेवा भाग. याचा अर्थ असा, की सांडपाण्याच्या नळातला दाब अवघा अर्ध्या टक्क्याने कमी झाला तरी बूच ओढले जाऊ शकते. वरच्या मजल्यावर फ्लश ओढला, की उभ्या नळातून वेगाने उतरणारे पाणी आपल्या मागची हवा ओढत नेते आणि नेमके हेच घडू शकते. म्हणून उभा नळ गच्चीच्या वर उघडा ठेवलेला असतो. त्यातून हवा आत शिरते आणि दाब सारखा राहतो. गच्चीवरचे ते उघडे तोंड निरुपयोगी समजून बुजवणे म्हणजे खालच्या सर्व घरांतली बुचे धोक्यात आणणे.

कोरड्या जागेचा धोका

बूच आणखी एका मार्गाने नाहीसे होते, आणि तो म्हणजे बाष्पीभवन. समजा, ट्रॅपमधल्या पाण्याची पातळी उन्हाळ्यात रोज दोन मिलिमीटरने उतरते. मग ५० मिलिमीटरचे बूच पंचवीस दिवसांत संपेल. मे महिन्याची सुट्टी गावी घालवून परतल्यावर घरात जो दर्प येतो, त्याचे कारण बरेचदा हेच असते. मोरीत तांब्याभर पाणी ओतले की दर्प थांबतो.

ही गोष्ट केवळ दर्पापुरती नाही, हे २००३ साली हाँगकाँगमध्ये दिसले. तेथे सार्स या रोगाची साथ होती. आमोय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना त्याची लागण झाली. चौकशीत जे कारण पुढे आले ते बाथरूमच्या आराखड्याशी निगडित होते. तेथील लोक बाथरूमची फरशी पाणी ओतून न धुता ओल्या फडक्याने पुसत असत. त्यामुळे फरशीतले ट्रॅप कोरडे पडले होते. त्यात दार लावून एक्झॉस्ट पंखा सुरू केला, की पंखा बाहेर फेकत असलेल्या हवेची जागा घ्यायला सांडपाण्याच्या नळातली हवा कोरड्या ट्रॅपमधून वर येई आणि तिच्याबरोबर विषाणू असलेले सूक्ष्म तुषारही येत.

आपल्या जुन्या मोऱ्यांत रोज घागरीने पाणी ओतले जाई, त्यामुळे हा प्रश्न उद्भवत नसे. आता मात्र बाथरूमचे 'ओला भाग' आणि 'कोरडा भाग' असे दोन हिस्से करून मध्ये काच लावण्याची पद्धत रूढ झाली आहे. ती सोयीची आहे यात शंका नाही. पण कोरड्या भागातही फरशी धुण्यासाठी जाळी ठेवतात, आणि तिच्याखालचा ट्रॅप महिनोन्‌महिने पाण्याचा थेंब पाहत नाही. उपाय सोपा आहे आणि तो आराखड्यातच करायचा असतो: बेसिनचे पाणी सरळ उभ्या नळात न नेता या ट्रॅपमध्ये आणून सोडावे. म्हणजे दात घासताना, हात धुताना बूच आपोआप भरत राहते. दुसरे असे, की एक्झॉस्ट पंखा लावायचा तर आत येणाऱ्या हवेलाही वाट हवी. दाराखाली दोन सेंटिमीटरची फट किंवा दारात झडपांची पट्टी ठेवली, की पंख्याला हवा खोलीतून मिळते आणि गटाराकडून ओढावी लागत नाही. ही वाट दाराशी आणि पंखा समोरच्या भिंतीत वरच्या बाजूस, अशी योजना केली तर हवा सबंध खोलीतून वाहत जाते आणि भिंतींवर बुरशी धरत नाही.

ऊन पाण्याचा हिशेब

अंघोळीसाठी २० अंश सेल्सिअसचे पाणी ४० अंशांपर्यंत तापवायचे आहे असे धरू. वीस लिटरच्या एका बादलीला लागणारी उष्णता = २० किलोग्रॅम × ४१८६ ज्यूल × २० अंश = सुमारे १६.७ लाख ज्यूल, म्हणजे विजेचे अर्धे युनिटही नाही. दोन किलोवॅटचा गीझर हे काम चौदा मिनिटांत करतो.

आता तेच पाणी आधी साठवून न ठेवता नळातून वाहता वाहता तापवायचे म्हटले, तर काय होते? मिनिटाला सहा लिटर धार हवी असेल, तर ८.४ किलोवॅट शक्ती लागते. २३० व्होल्टच्या जोडणीवर याचा अर्थ ३६ अँपिअर विद्युतधारा. घरातले गीझरचे प्लग १६ अँपिअरचे असतात. म्हणून विजेच्या गीझरपुढे दोनच पर्याय राहतात: पाणी आधी तापवून टाकीत साठवायचे, किंवा बारीक धारेवर समाधान मानायचे. गॅसच्या ज्योतीला मात्र ही मर्यादा नाही. आठ-दहा किलोवॅट ती सहज देते. गॅस गीझर लोकांना का आवडतो, हे या हिशेबावरून कळते. टाकी नको, थांबणे नको, धार भरपूर.

गीझर कोणताही असो, तो नळापासून किती दूर आहे हेही पाहावे लागते. १५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळात दर मीटरला सुमारे १७७ मिलिलिटर पाणी मावते. नळ दहा मीटर लांब असेल, तर पावणेदोन लिटर थंड पाणी बाहेर पडल्यावरच ऊन पाणी येते. गच्चीवरच्या सौर बंबापासून २० मिलिमीटरचा नळ पंचवीस मीटर आणला, तर हा आकडा जवळजवळ आठ लिटर होतो. पाणी दिवसाआड येणाऱ्या गावात ही नासाडी परवडणारी नाही. म्हणून गीझर नळाच्या जवळ असावा, नळावर उष्णतारोधक वेष्टण असावे आणि पहिले थंड पाणी बादलीत धरण्याची सवय असावी.

गीझर नळाच्या जवळ असावा, हा नियम विजेच्या गीझरला लागू आहे. गॅस गीझरला तो लावू नये. त्याचे कारण आता पाहू.

ज्योत आणि हवा

गॅस गीझर ८.४ किलोवॅट उष्णता पाण्याला देत असेल, तर थोडी उष्णता वाया जाते हे धरून ज्योतीत सुमारे १० किलोवॅट निर्माण व्हायला हवेत. एक किलोग्रॅम एलपीजी जळल्यावर साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते. यावरून मिनिटाला १३ ग्रॅम गॅस जळतो. एलपीजीत मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. प्रोपेनचे समीकरण मुलांना ठाऊक असते: प्रोपेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे तीन व पाण्याचे चार रेणू तयार होतात. ऑक्सिजन हवेत एकपंचमांशच असल्यामुळे वजनाने पाहता एक ग्रॅम गॅसला पंधरा ते सोळा ग्रॅम हवा लागते. म्हणजे मिनिटाला सुमारे २०० ग्रॅम, अर्थात १७० लिटर हवा.

पंधरा मिनिटांच्या अंघोळीत ही हवा अडीच घनमीटर होते. आपल्या बाथरूमचे घनफळ आहे १० घनमीटर. खिडकी-दारे घट्ट बंद असतील, तर एका अंघोळीत ज्योत खोलीच्या चौथ्या भागाइतकी हवा वापरून टाकते आणि ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सोळाच्या आसपास येते. खरे म्हणजे ज्योत तेवढी थांबतही नाही. ऑक्सिजन कमी पडू लागताच ज्वलन अपुरे होऊ लागते आणि काही कार्बनचे कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड बनते.

किती? पंधरा मिनिटांत जळणाऱ्या गॅसमधल्या कार्बनपासून सुमारे ३२० लिटर कार्बन डायऑक्साइड तयार व्हायला हवा. त्यातल्या दहाव्या भागाचेच मोनॉक्साइड झाले, तर तो होतो ३२ लिटर, म्हणजे दीड बादली. दहा घनमीटर खोलीत हे प्रमाण हजारात तीन इतके आहे. एवढ्या प्रमाणात पाच-दहा मिनिटांत डोके दुखू लागते, घेरी येते, आणि अर्ध्या तासात मृत्यू ओढवू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. एलपीजी गळला तर कळावा म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. पण येथे गॅस गळलेला नसतो, तो जळलेला असतो. त्यामुळे 'वास येत नाही, म्हणजे धोका नाही' हा समज येथे घातक ठरतो.

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. म्हणून हवेत तो थोडाच असला तरी हळूहळू हिमोग्लोबिनचा मोठा भाग अडवून बसतो. मेंदूला आणि स्नायूंना ऑक्सिजन मिळेनासा होतो. पाय लटपटतात, विचार मंदावतो, आणि दार दोन पावलांवर असूनही माणसाला कडीपर्यंत पोहोचता येत नाही. दर हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांत अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. थंडीमुळे खिडकी बंद केलेली असते, पाणी जास्त तापवलेले असते आणि अंघोळही लांबलेली असते. एकापाठोपाठ दोघांनी अंघोळ केली, तर दुसऱ्याला अधिक धोका, कारण आधीचा वायू खोलीतच असतो.

यावर आराखड्यातला उपाय एकच आहे: गॅस गीझर बाथरूममध्ये बसवायचाच नाही. तो उघड्या बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर, पाऊस न लागेल अशा आडोशाला बसवावा आणि आत फक्त ऊन पाण्याचा नळ आणावा. काचा लावून बंद केलेली बाल्कनी किंवा वरून झाकलेली डक्ट या जागा उघड्या नव्हेत. गीझर पाच मीटर दूर गेला तर दर वेळी लिटरभर थंड पाणी आधी येईल. ते बादलीत धरता येते. पूर्वी पाणी तापवायचा तांब्याचा बंब पुष्कळ घरांत परसदारी असे आणि ऊन पाणी घंगाळात भरून न्हाणीत आणले जाई. त्यात कष्ट होते खरे, पण ज्योत आणि माणूस एका बंद खोलीत येत नसत. भिंतीत गाडलेल्या एका नळाने ते कष्ट वाचवता येतात, ज्योत आत आणण्याची गरज नसते.

ज्यांच्या घरात गॅस गीझर आधीच आत बसवलेला आहे, त्यांनी तो हलवेपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरावी, गीझर आणि गॅस बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच अंघोळीला आत जावे. कोणी आत बेशुद्ध पडल्याचे दिसले, तर दार-खिडकी उघडून गॅस बंद करावा, त्या व्यक्तीला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे, श्वास थांबला असल्यास कृत्रिम श्वास द्यावा आणि रुग्णालयात न्यावे. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात; शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सुमारे दीड तास पुरतो. म्हणून शुद्धीवर आल्यानंतरही डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

वीज आणि ओली त्वचा

कोरड्या त्वचेचा विद्युत रोध हजारो ओहम असतो. अंग ओले असले की तो हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. ओहमच्या नियमाने २३० व्होल्टला १००० ओहमने भागले, तर शरीरातून २३० मिलिअँपिअर धारा जाईल. हृदयाचे ठोके बिघडवायला याहून बरीच कमी धारा पुरते. आता गीझरच्या १६ अँपिअरच्या एमसीबीकडे पाहा. तो बंद पडतो १६ अँपिअरच्या वर धारा गेली तर. २३० मिलिअँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसतात. एमसीबी तारा वाचवतो, माणूस नाही.

माणसाला वाचवते ते आरसीसीबी नावाचे उपकरण. ते फेज तारेतून गेलेली आणि न्यूट्रल तारेतून परत आलेली धारा यांची सतत तुलना करते. दोन्ही सारख्या असतील तर ठीक. काही धारा वाट चुकून शरीरातून किंवा भिंतीतून जमिनीत गेली, तर फरक पडतो, आणि तो ३० मिलिअँपिअर होण्याआधीच उपकरण क्षणार्धात वीज तोडते. नव्या घराच्या विजेच्या आराखड्यात हे असलेच पाहिजे आणि त्याबरोबर नीट अर्थिंगही. गीझरचा बटनबोर्ड बाथरूमच्या बाहेर, दारापाशी ठेवावा. दाढीच्या यंत्रासाठी प्लग हवाच असेल तर तो बेसिनजवळ, म्हणजे दाराच्या बाजूला येतो आणि अंघोळीच्या तुषारांपासून दूर राहतो. सुरुवातीला ठरवलेला क्रम येथेही उपयोगी पडला.

दार कोणीकडे उघडावे?

शेवटी घर्षणाविषयी. गुळगुळीत टाइलवर साबणाचे पाणी पडले, की तळवा आणि फरशी यांच्यात पातळ थर तयार होतो आणि घर्षण एकदम कमी होते. म्हणून फरशीसाठी खरखरीत, बिनचकाकीची टाइल घ्यावी. चकचकीत टाइल भिंतीला शोभते. कमोडशेजारी आणि नळाशेजारी धरायला पक्की दांडी असावी. ती भिंतीत घट्ट बसवायची जागा आधीच ठरवलेली बरी. घरात आज कोणी वयस्कर नसले तरी घर तीस-चाळीस वर्षांसाठी बांधलेले असते, आणि तोवर बांधणारेच वयस्कर होतात.

दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे. पाच फूट रुंदीच्या खोलीत आत पडलेल्या माणसाचे शरीर बहुधा दाराला अडून राहते, आणि दार आत उघडणारे असेल तर मदतीला आलेल्यांना ते ढकलताच येत नाही. कडीही बाहेरून सोडवता येईल अशी मिळते, तीच लावावी. सर्व आराखड्यात ही दुरुस्ती सर्वांत स्वस्त आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

आलेखाच्या कागदावर २० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर या प्रमाणात १.५ मीटर × २.४ मीटरची खोली काढावी, चौकट ७.५ × १२ सेंटिमीटरची येईल. बेसिन, कमोड आणि मोरी यांचे आकार पुठ्ठ्यातून कापून मुलांना ते निरनिराळ्या प्रकारे मांडू द्यावेत. प्रत्येक मांडणीवर चार रंगांनी चार मार्ग काढायला सांगावेत: पाणी कोठून येते व कोठे जाते, हवा कोठून शिरते व कोठून बाहेर पडते, पाणी कोठे तापते, वीज कोठे आहे. कोणते मार्ग कोठे छेदतात हे मुलेच दाखवून देतील.

पारदर्शक नळीचे वळण करून त्यात पाच सेंटिमीटर रंगीत पाणी भरावे आणि एका टोकाने हलकेच हवा ओढावी. बूच किती सहज निघते ते दिसेल. दुसरे वळण भरून खिडकीत ठेवावे आणि पातळी रोज मोजून नोंदवावी. तुमच्या गावात ट्रॅप किती दिवसांत कोरडा पडेल, याचे उत्तर वर्गालाच मिळेल.

आणि एक काम घरी करण्याचे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातले पाणी कशाने तापते, ते साधन कोठे बसवले आहे, आणि त्या खोलीत हवा यायला व जायला कोणती वाट आहे, हे पाहून वहीत लिहून आणावे. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये असल्याचे ज्या वहीत दिसेल, त्या घरच्या पालकांना थंडी सुरू होण्यापूर्वीच शाळेत बोलावून घ्यावे आणि १० घनमीटरचा हिशेब त्यांच्यापुढे मांडावा.